बिजागरी

तू विचारतेस, न्हिरा, असा घ्यावा का:
झाकण पार मागे फिरणारा,
वर लेखणीनं लिहिता येईल असा,
धड पाटी नाही, धड लॅपटॉप नाही.
मेडिकलची पोरं पहिल्या महिन्यात याच बोळात येतात.
कुमासीतलं माझं दुकान म्हणजे
एक टेबल, एक भिंग, डाग द्यायची कांडी
आणि शेजारच्या मामे सेरवाच्या कढईतून येणारा
आलं लावलेल्या केळ्यांचा वास.

विकणारा असतो तर "घे" म्हणून मोकळा झालो असतो.
मी विकत नाही. मी उघडतो.

म्हणून आधी वाईट ते सांगतो.
हरमॅटनची धूळ जानेवारीत पंख्यात बसते,
मी कुंचल्यानं काढतो ती, लालसर, मऊ,
जणू यंत्र कुणी पुरून ठेवलं होतं.
लेखणी ट्रोट्रोच्या सीटखाली गेली की गेलीच.
प्रेतं उघडायच्या खोलीत काच हातमोजा ओळखत नाही,
आणि मोजा काढलास
तर फॉर्मलिन थेट पडद्यावर. वास आठवडाभर.
दुमसोर आहेच. विझ-पेट, विझ-पेट.
बॅटरी चार तास म्हणते, दोनातच मान टाकते.
पण खरी मोडते ती बिजागरी.
नेमकी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी.
माणसाचा गुडघाही असाच जातो म्हणे:
रोज वाकून नाही,
एकदाच चुकीच्या बाजूला वळून.
तुला जास्त माहीत. मी फक्त स्क्रू ओळखतो.

सेलोर्म म्हणून एक होता, व्होल्टाकडचा.
त्याचा दुरुस्त करून चालू केला, तर आत चारशे पानं.
खांद्यातून दंडात उतरणाऱ्या नसांचं जाळं,
तीच आकृती एकोणतीस वेळा.
चूक पुसायला एक टिचकी पुरते ना.
मी म्हटलं, कागदावर असतं
तर तिसऱ्या वेळी हात शहाणा झाला असता.
तो म्हणाला, कागदावर असतं
तर दुसऱ्या वेळीच मी नाद सोडला असता.
मी गप्प. पैसे कमी घेतले.

मागच्या ईस्टरला माझ्या कुशीत कळ उठली.
वॉर्डात मोठे डॉक्टर आले, इंग्रजीत बोलले, गेले.
मागे राहिली एक पोरगी, तुझ्याच वयाची,
स्टेथोस्कोप बहुधा उसना,
हातात असलाच एक, कोपऱ्याला चीर गेलेला.
तिनं झाकण फिरवलं. माझ्याकडे.
कोरा पडदा. ट्वीत बोलत बोलत
तिनं घेवड्याचा एक दाणा काढला,
त्याला एक नळी, नळीत एक ठिपका.
मग लेखणी माझ्या हातात दिली:
"दुखतं कुठे, दाखवा."
रेडिओ होते तेव्हापासून मी दुसऱ्यांची पोटं उघडतोय,
स्वतःच्या पोटाचा नकाशा पहिल्यांदाच पाहिला.
आणि काय सांगू, बिजागरी करकरत होती.
एवढी कळ, तरी माझं लक्ष तिकडेच.
म्हटलं, पोरी, डावा स्क्रू सैल आहे.
ती हसली. म्हणाली,
"आधी तुमचा खडा जाऊ दे."

कागदही फिरवता येतो, मान्य.
पण माझ्याकडे कुणी कागद फिरवलेला
मी अजून पाहिला नाही.

तर घ्यावा का?
तुझी आई केजेतियात कापड विकते, मला ठाऊक आहे.
नव्याची किंमत ठाणांमध्ये मोजून बघ
आणि मग जुना घे.
नसांची जाळी पहिल्यांदा कागदावरच काढ, शाईनं,
पुसता येणार नाही अशी.
आणि घेताना वेग, रंग, बाकी काही विचारू नकोस.
झाकण फिरव. समोर कुणी बसलंय असं समजून
त्याच्याकडे फिरव. हाताला अडतं का, बघ.

सैल झाली की इकडे आण.
डाव्या बाजूचे स्क्रू मी एका डबीत वेगळे ठेवलेत,
त्या पोरीसाठी.
ती अजून आलेली नाही.